रविवारचे काम

त्या रविवारी चर्चमधून घरी आल्यावर ग्रीतने काळी टोपी खुंटीला अडकवली आणि जेवणासाठी चीज आणायला ती मागच्या खोलीकडे निघाली. रोजचेच काम. बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात ठेवले होते, कारण रविवारी घरात सोलणे-चिरणे काही चालायचे नाही असा तिच्या नवऱ्याचा, वाउटरचा, दंडक होता. बाहेर कालव्यावर पातळ बर्फ धरला होता. बांधावरून शेजारी आपापल्या घरी चालले होते, त्यांच्या लाकडी जोड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

चीजची खोली घराच्या उत्तर अंगाला होती. जाड भिंती, एक बारकी खिडकी, विटांची फरशी. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर चीजची पिवळी गोल चाके, कोपऱ्यात मिठाच्या पाण्याचे लांबट टाके. दार उघडले की आंबूस, खारट वास अंगावर यायचा. ग्रीत अशाच वासात जन्मली आणि वाढली, त्यामुळे तिला तो कधी जाणवायचा नाही. त्या दिवशी जाणवला. नेहमीच्या वासाच्या तळाशी काहीतरी गोडसर होते, नासलेल्या नाशपातीसारखे.

तिने कापून ठेवलेला तुकडा उचलला, वळली आणि तिथेच थांबली.

सगळी चाके उलटवलेली होती. हे ओळखायला दिवा लागत नाही. चाकाची फळीला टेकलेली बाजू ओलसर आणि गडद असते, वरची कोरडी. म्हणून तर ती रोज उलटावी लागतात, नाहीतर खालून सडतात. आता सगळ्यांची ओली बाजू वर होती आणि खिडकीच्या उजेडात चकाकत होती. म्हणजे कुणीतरी आत्ताच, घटकाभरापूर्वी, हे काम करून गेले होते.

वाउटर चर्चमध्ये तिच्या शेजारीच बसला होता. घराची किल्ली तिच्या खिशात होती. या घरात रविवारी चाके उलटणारे माणूस एकच. हेस्टर. आणि हेस्टरला मरून आठ दिवस झाले होते.

हेस्टर अ‍ॅमस्टरडॅमची. टोप्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. तिच्या नवऱ्याला जर्मनांनी आगगाडीत घालून पूर्वेकडे नेले ते नेलेच. बेचाळीसच्या हिवाळ्याआधी गावच्या शाळेतल्या अलीदाबाई तिला घेऊन आल्या. हेस्टरची सहा वर्षांची मुलगी, सिपी, दोन तासांच्या वाटेवरच्या एका लोहाराकडे ठेवली होती. मायलेकींना एका छपराखाली ठेवायचे नाही, एक घर धरले गेले तर दुसरी तरी वाचावी, असा अलीदाबाईंचा नियम होता. वाउटरने शेवटच्या फळ्यांमागे लाकडी भिंत ठोकून दीड हात रुंदीची जागा केली. तिथे हेस्टर राहायची.

वाउटर भित्रा नव्हता, हे आधी सांगून टाकलेले बरे. ज्यूंना लपवणाऱ्या घरच्या कर्त्याची थेट छावणीत रवानगी व्हायची, आणि हे ठाऊक असून त्याने दार उघडले होते. पुढे जे झाले तेही याच माणसाने केले.

हेस्टर तिच्या धर्माप्रमाणे शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारी तारे दिसेपर्यंत कामाला हात लावायची नाही. ग्रीत आणि वाउटर रविवारी लावायचे नाहीत. पण चीजला वार कळत नाही. आधीच्या काळी वाउटर रविवारी चोरून चाके उलटायचा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत देवाकडे माफी मागायचा. आता शनिवारी ग्रीत उलटायची आणि रविवारी, सगळे चर्चमध्ये असताना, बंद घरात एकटी हेस्टर. वाउटरचे सोवळे कसे शाबूत राहिले.

"देवानं त्यांना शनिवार दिला, आपल्याला रविवार," तो मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचा. "उगाच का दिला? सोय बघतो तो माणसाची."

"आणि मालक, पाप लागतं ते कुणाला?" हेस्टर लाकडी भिंतीमागून विचारायची. "चाकाला?"

तिचा हात फार हलका होता. दोन्ही तळवे चाकाच्या कडांना लावायचे, एकच झोका, आणि चाक फळीवर बसताना टप् असा मऊ आवाज. वर्षभरात ती ग्रीतपेक्षा तयार झाली.

चव्वेचाळीसच्या जानेवारीत तिला खोकला धरला. वाउटरने तिला तोंडात कोंबायला चीज गाळायचे फडके दिले. मग ताप आला. शेजारच्या गावात एक डॉक्टर होता, काही न विचारता यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"बोलवा ना त्याला," ग्रीत म्हणाली. "अहो, तिचा श्वास ऐका जरा."

"बोलावलं तर तो म्हणेल, हिला इथल्या ओलीतून हलवा. मग? गेली ती हातची. सोमवारी बघू."

सोमवार हेस्टरने पाहिलाच नाही. शनिवारी दुपारी ती गेली. जाण्याआधी तिने ग्रीतचे मनगट घट्ट धरले होते.

"सिपीला तूच सांग, ग्रीत. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको. आई टाकून गेली असं तिला वाटायला नको... आणि मला चांगल्या मातीत ठेव. तिला येऊन बसता येईल अशा जागी."

"सांगेन," ग्रीत म्हणाली. "शप्पथ."

वाउटरने ग्रीतला बहिणीकडे पाठवून दिले. ती दिवेलागणीला परतली तेव्हा हेस्टर नव्हती. मिठाच्या पाण्याचे टाके मात्र जागचे हलले होते आणि त्यात ताजे पाणी भरले होते. गळत होते, म्हणाला.

"तिला कुठं ठेवलंत?"

"तुला ठाऊक नसलं, तर तुझ्याकडून कुणी वदवून घेणार नाही."

त्यात शहाणपण आहे असे तेव्हा तिला वाटले होते.

तर आठव्या दिवशीच्या त्या उलट्या चाकांपुढून ग्रीत कशीबशी जेवणघरात आली. वाउटर टेबलाशी बायबल उघडून बसला होता. तिने सांगितले. तो उठला, खोलीत गेला, फळ्यांवरून नजर फिरवून परत आला आणि खुर्ची ओढून बसला.

"झालंय ना काम?" तो म्हणाला. "मग वाढ."

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी अलीदाबाई सायकलवरून आल्या. हेस्टरच्या वाटणीची रेशनची कुपने त्या अंबाड्यात लपवून आणायच्या. सोबत सिपीची चिठ्ठी असायची, नावगाव नसलेली. अलीदाबाई बारीक अंगाच्या आणि थोड्या फटकळ होत्या, पोरांना दरडावायच्या त्याच आवाजात मोठ्यांशीही बोलायच्या.

"कशी आहे हेस्टर? खोकला गेला की नाही?"

ग्रीतने तोंड उघडले.

"झोपलीय," वाउटर म्हणाला. "पडू दे जरा. डोळा आत्ताच लागलाय."

अलीदाबाईंनी आवाज लगेच खाली आणला. चिठ्ठी ठेवली, उत्तर घ्यायला चार दिवसांनी येते म्हणाल्या आणि हलक्या पावलांनी निघून गेल्या. झोपलेल्या माणसासाठी त्यांनी एवढे जपून दार ओढून घेतलेले पाहून ग्रीतला स्वतःचीच शिसारी आली.

"हे काय केलंत?"

"कळलं तर कुपनं बंद. ते एक. आणि ती बया दुसऱ्या कुणाला आणून बसवेल. एखादा बाप्या, दोघांचं खाणारा. नाहीतर रात्रंदिवस रडणारं पोर." त्याने कुपने उजेडात धरली. "हेस्टरसारखं माणूस पुन्हा मिळायचं नाही. आणि ती गेलीय तरी कुठं? रविवारी येतेच आहे की कामावर. लिही तिच्या नावानं दोन ओळी."

आणि ग्रीतने लिहिल्या. 'माझ्या सोन्या, मी बरी आहे. शहाण्यासारखी वाग.' वाउटरची भीती तिला होतीच, पण खरे कारण निराळे होते. खरे सांगायचे तर आपण इतके दिवस गप्प का राहिलो हेही सांगावे लागणार, आणि ते तिला जमत नव्हते. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे लोक असतात असे आपण ऐकतो. ग्रीत रोज तसल्या माणसाला पान वाढत होती, आणि आता त्याच्या वतीने लिहीतही होती.

हेस्टरच्या कुपनांची साखर घरात आली. वाउटरला गोडाचा नाद. तो चिकोरीच्या कॉफीत ती साखर घालायचा आणि तळाशी उरलेली बोटाने निपटून चाटायचा.

रविवारमागून रविवार गेले. चर्चमधून येऊन पाहावे तर चाके उलटलेली. मग चाकांमध्ये फरक पडू लागला. टाक्याजवळच्या खालच्या फळीवरच्या चाकांना साल धरेना. वरून ती मऊच राहिली, कुठे कुठे बोटाने दाबल्यासारखे खळगे पडले. ग्रीत मिठाच्या पाण्याने पुसायची तेव्हा फडक्याला करडा चिकट बुळबुळीत थर यायचा आणि तो नासका गोड वास हाताला लागायचा. राख लावून हात धुतले तरी जायचा नाही. पाव मोडताना तो तिच्या नाकात जायचा आणि घास फिरायचा.

वाउटरने त्यातले एक चाक कापले. आतून ते पिवळे आणि लोण्यासारखे मऊ निघाले. त्याने जाड काप तोंडात घातला, डोळे मिटले.

"असं चीज माझ्या आईलाही जमलं नव्हतं. खा."

"नको मला."

"देवाचं दान आहे. टाकू नये." त्याच्या ओठांवर तेलकट चकाकी आली होती. त्याने साल चोखली, बोटे चोखली, पाटावरचा ओघळ पावाने पुसून घेतला. ग्रीत अंगणात गेली आणि कालव्यात ओकली. त्यानंतर तो रोज तेच चीज खाऊ लागला. त्याचे पोट सुटले, गाल फुगले, आणि रात्री शेजारी झोपल्यावर त्याच्या अंगालाही तो वास येऊ लागला. ग्रीत अंथरूण घेऊन माळ्यावर निजायला गेली.

एप्रिलच्या एका रविवारी चाके उलटलेली नव्हती. वाउटर दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आज दांडी मारली वाटतं?" तो रिकाम्या खोलीला म्हणाला. खरोखरच्या रागाने म्हणाला. "असं चालायचं नाही हां, सांगून ठेवतो."

तेव्हा पहिल्यांदा ग्रीतला भुतापेक्षा नवऱ्याची भीती वाटली.

मे महिन्यात अलीदाबाई आल्या त्या दमून खुर्चीत बसल्या. वाउटर टेबलाशी चीज खात होता.

"पोरगी जाता जाता वाचली," त्या म्हणाल्या. "ताप मेंदूत गेला होता. ईस्टरनंतरचा तो रविवार आठवतो? दिवसभर बरळत होती. आई आलीय म्हणे, उशाशी बसलीय. हात गार आहे, हाताला चीजच्या पाण्याचा वास येतोय... लोहारीण बिचारी घाबरून गेली. कारण तिलाही आला म्हणे तो वास." त्यांनी डोळे पुसले. "हेस्टरला सांगू नकोस हे. उगाच जीव टांगणीला. उठलीय का ती? आज मी भेटूनच जाणार. चार महिने झाले, दर वेळी झोपलेलीच असते!"

"आत्ताच..." वाउटरने सुरुवात केली.

"मेलीय," ग्रीत म्हणाली.

वाउटरने चीजचा पुढचा काप तोंडात घातला.

"जानेवारीतच गेली. चिठ्ठ्या मी लिहिल्या. सगळ्या मीच."

अलीदाबाई खुर्चीतून उठल्या. मग त्यांनी, ज्या आवाजात त्या वर्गातल्या सर्वांत वाईट मुलाला उभे करत, त्या आवाजात विचारले, "कुठं ठेवलंय तिला?"

"मला ठाऊक नाही. यांना ठाऊक आहे."

वाउटर सालीचा तुकडा चघळत होता. त्याने तो गिळला.

"बाहेर कुठं पुरणार?" तो म्हणाला. "हातभर खणलं की पाणी. बांधावर पहारा. म्हटलं, घरात जी जागा सगळ्यांत थंड... तिथं काही खराब होत नाही." त्याने मान मागच्या खोलीकडे वळवली. "टाक्याखाली आहे. चांगल्या विटा लावल्यात वरून."

ग्रीतला टाके आठवले, खालची फळी आठवली, फडक्यावरचा करडा थर आठवला. तिने दोन्ही हात तोंडावर धरले पण उपयोग झाला नाही. ती तिथेच, जेवणघराच्या घासूनपुसून लख्ख केलेल्या फरशीवर, ओकत राहिली.

"आणि ते... ते तुम्ही खाताय?" अलीदाबाई पुटपुटल्या.

"वाया घालवायचं?" वाउटर म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

गुरुवारी अलीदाबाई दोन भरवशाची माणसे आणि गवत वाहायची होडी घेऊन आल्या. विटा काढल्या. हेस्टरला ग्रीतने एकटीने धुतले, एकटीने चादरीत गुंडाळले. तिच्या देहाविषयी इथे काही सांगणार नाही. जी किळस होती ती तिची नव्हती. पलीकडच्या उंचावरच्या एका फळबागेत, कोरड्या मातीत तिला ठेवले, आणि अलीदाबाईंनी जागा नीट ध्यानात ठेवली. वाउटर त्या दिवशी कुरणात निघून गेला होता. जाताना एवढेच म्हणाला, की आता रविवारची पंचाईत झाली.

रविवारी ग्रीत चर्चला गेली नाही. तिने सायकल काढली. रविवारी सायकल म्हणजे त्या बांधावर नाक कापल्यातच जमा. दर खिडकीतला पडदा हलला. ती मान खाली घालून दोन तास पाय मारत राहिली.

लोहाराच्या परसात एक मुलगी उलट्या बादलीवर बसली होती. आठ वर्षांची, केस बारीक कापलेले. ग्रीत तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"तू ग्रीतमावशी," मुलगी म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"वास आला."

ग्रीतने सगळे सांगितले. ताप, डॉक्टर, न बोलावलेला. चिठ्ठ्या. शेवटी फळबाग. रडायची नाही असे तिने ठरवले होते, तरी आवाज फुटला. "आईनं तुला टाकलं नाही. एवढं तुझ्यापर्यंत पोचवायचं होतं, आणि तेवढंही मी चार महिने केलं नाही. मला माफ कर असं म्हणायलाही मला तोंड नाही गं."

सिपीने ते नीट ऐकून घेतले. ती रडली नाही.

"आई म्हणाली होती, ग्रीतमावशी येईल. पण फार उशिरा येईल."

ग्रीतने डोळे पुसले.

"आता आई येणार नाही," सिपी म्हणाली. "गुरुवारी सांगून गेली. रविवारचं एवढं एक काम उरलंय, ते झालं की संपलं. ते जड आहे म्हणे. एकटीला नाही जमणार."

"कसलं काम, सिपी?"

मुलीने खांदे उडवले आणि फ्रॉकला हात पुसले.

ग्रीत घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. ऊन पडले होते, गाई कुरणात शांत बसल्या होत्या. ती आधी मागच्या खोलीत गेली. चाके शनिवारी तिने ठेवली तशीच होती, कोरडी बाजू वर. त्या खोलीत आता मिठाचा आणि दुधाचा नेहमीचा वास होता. ती फळीला धरून उभी राहिली, आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला.

मग ती वाउटरला सांगायला गेली, की मी सांगून आले. रविवारचे जेवण झाले की तो भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगावर दारे ओढून झोपायचा. नेहमी उताणा. पोटामुळे त्याला दुसरे कसे झोपताच यायचे नाही.

तिने दारे उघडली आणि तो नासका गोड वास तिच्या तोंडावर आला.

वाउटर पालथा होता. हात दोन्ही बाजूंना सरळ. सदरा वर सरकला होता, आणि त्याची पाठ गडद, ओलसर चकाकत होती. गादीखालच्या लाकडी फळ्यांच्या रेषा गादीतून तिच्यावर उमटल्या होत्या. एका खांद्यावर आणि एका कुशीवर बाईच्या हाताचे दोन पंजे होते, आत रुतलेले. गाल उशीत दबला होता. दिसत होता तो डोळा उघडा होता आणि तिच्याकडे बघत होता.

"ग्रीत..." तो म्हणाला. तोंडात पीठ भरल्यासारखा. "उलटं कर... मला उलटं कर गं..."

तिने त्याच्या पाठीला बोट लावून पाहिले. खळगा पडला आणि तसाच राहिला.

ती घाबरली नाही. तिला किळस आली, इतकी की दातांच्या मुळांतून पाणी सुटले. पण हात सवयीचे गुलाम असतात. उलटवलेली बाजू पुसून घ्यावी लागते, नाहीतर बुरशी धरते. ती मागच्या खोलीत गेली, फडके मिठाच्या पाण्यात बुडवून पिळले, परत आली आणि त्याला तसाच पालथा ठेवून त्याची पाठ पुसू लागली. फडक्याला करडा थर येत होता. पुसत पुसत ती कमरेपर्यंत आली, तेव्हा तिथे आणखी एक पंजा दिसला. तो ताजा होता, आणि फार लहान होता.